डाव्या हाताचा कोयता

"डाव्या हाताचा कोयता नसतो."

हे मला नगरच्या बाजारात चार दुकानांत ऐकवण्यात आलं. एकानं हसून सांगितलं, एकानं मोबाइलमधून मान वर न काढता. तिसऱ्यानं कोयता उलटा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या, झाला डावा." चौथ्यानं विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या चॅनेलच्या?" मी कुठल्याच चॅनेलची नव्हते. मी एका संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते आणि वाटायलाही मीच जाते. त्या दिवशी मला फक्त एक कोयता हवा होता, माझ्या मावशीसाठी.

मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. आई शिकली, शिक्षिका झाली, तिनं सावेडीत रो-हाउस घेतलं. मावशीला पाथर्डीकडं दिली. दसरा उलटला की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते ती उन्हाळ्यातच परत येते. एका चुलीवर वाढलेल्या दोन बहिणी, आणि असं का, यावर मी पत्रक लिहू शकते. लिहिलंही आहे. पण आत्ता विषय कोयत्याचा आहे.

मावशी डावरी. जेवते मात्र उजव्या हातानं, कारण लहानपणी ताटात डावा हात गेला की त्यावर फटका बसायचा. दादा, म्हणजे त्यांचे वडील, घरात नसले की फटका मारायचं काम आईकडं असायचं, कारण ती थोरली. उसाच्या फडात मात्र तिचा हात कुणी तपासला नाही. ती कोयता डाव्या हातात धरते.

आता बाजारातल्या कोयत्याला धार एकाच अंगानं काढलेली असते. एक बाजू सपाट, दुसरी उतरती. उजव्या हातात धरला की सपाट बाजू खाली येते, पातं जमिनीला घासून जातं आणि ऊस बुडातून तुटतो. तोच कोयता डाव्या हातात धरून बघा. सपाट बाजू वर जाते, उतार खाली येतो. पातं जमिनीला टेकतच नाही आणि उसात शिरलं की वर सरकतं. मागे उरणारा खुंट, म्हणजे बुडखा, चार बोटं वर राहतो. त्याला खाली दाबायचं तर मनगट मुरगाळून धरावं लागतं. मावशीनं ते वीसेक वर्षं मुरगाळून धरलं. तिच्या डाव्या मनगटावर लिंबाएवढी गाठ आहे.

गेल्या हंगामात मुकादमानं सांगितलं, "तुझं बुडखं वर ऱ्हात्यात. कारखान्याचा मानूस माझ्यावर वराडतो. तू तोडू नको, नुस्त्या मोळ्या वाहा." मोळी वाहायची म्हणजे उसाचा भारा डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढायची, वर टाकायचा, उतरायचं, परत चढायचं. मावशीचा गुडघा आधीच गेलेला. उन्हाळ्यात आली तेव्हा म्हणाली, "फळीवर पाय दिला की आतून कट्ट वाजतंय. खाली हुबी ऱ्हाऊन तोडायला मला काय बी वाटत न्हाई. पन त्या फळीवर औंदा न्हाई जायची माझी हिंमत."

मी संघटनेसाठी ऊसतोड करणाऱ्या बायांच्या नऊ मागण्यांचं पत्रक लिहिलं होतं. पाणी, संडास, दवाखाना, सगळं होतं. कोयता कुठल्या अंगानं घासलाय हे एकाही मागणीत नव्हतं. मला राग आला. आधी स्वतःचा आला, पण तो सोयीचा नव्हता, म्हणून मी तो दुकानदारांवर काढला.

मावशीच्या गावच्या लोहारालाही विचारलं. तो म्हणाला, "पाती आता तयारच येत्यात ताई. मी मूठ बसवून देतो. डावी पाहिजे का मूठ?"

भिंगारच्या रस्त्याला घिसाड्यांचं एक कुटुंब पाल टाकून होतं. ऐरण जमिनीत रोवलेली. नवरा सांडशीत तापलं लोखंड धरून बसायचा आणि बायको उभी राहून घण मारायची. त्यांची एक रीत आहे, तासभर बघितल्यावर ती माझ्या लक्षात आली. नवरा हातातल्या छोट्या हातोडीनं लोखंडावर हलकी टिचकी देतो, बायकोचा घण बरोबर तिथंच पडतो. टिचकी सरकली की घण सरकतो. ऐरणीच्या कडेला दोनदा टक्‌टक् झालं की थांबायचं. बोलणं नाही. एवढा अवजड घण ती बाई पदर खोचून असा फिरवायची जसं काही अंगणात सडा टाकतेय.

मी तिला डाव्या कोयत्याचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय? गाडीच्या कमानीचा पाटा आन. दोन घंट्याचं काम. उंद्या घिऊन जा."

इथं हा मजकूर संपायला हवा होता. पाटा आणायचा, कोयता करून घ्यायचा, मावशीला द्यायचा. पण मी म्हणाले, "नाही, मला शिकवा. मीच करणार."

का म्हणाले? कारण डोक्यात पत्रक तयार झालं होतं. मथळासुद्धा ठरला होता, 'अवजार कुणाच्या हातासाठी?' एका बाईनं दुसऱ्या बाईसाठी घरात भट्टी लावून अवजार घडवलं, हे लिहायला किती छान. दोन तासांचं काम मी अडीच महिन्यांचं केलं ते या एका वाक्यापायी. मी दुसऱ्यांना तोंडावर बोलते, तर हेही लिहिलंच पाहिजे.

घिसाडीण माझ्याकडं बघून हसली. "तुला गं कशाला? तुझी बोटं बघ, पेनाची हायेत."

"शिकवणार का नाही?"

"शिकवते की. रोज ये. येताना साखर-पत्ती आनत जा."

आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये आईची स्कूटी उभी असते. ती मी फाटकाबाहेर काढली आणि तिथं भट्टी मांडली. भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, भंगारातून आणलेला. त्याच्या बुडात पाइप, पाइपला हातानं फिरवायचा पंखा. भात्याची जागा आता सगळीकडं या पंख्यानंच घेतली आहे. ऐरणीसाठी भंगारवाल्यानं रेल्वे रुळाचा हातभर तुकडा काढून दाखवला. मी विचारलं, हा कुठून आला? तो म्हणाला, "तुम्हाला ऐरण पायजे का चौकशी पायजे?" मी तत्त्वासाठी तो नाकारला. मग एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधला लोखंडी ठोकळा मिळाला. तो बाभळीच्या ओंडक्यावर बसवायला तीन माणसं लागली आणि तिघांनीही विचारलं, "घरात माणूस कोण आहे?" मी म्हणाले, "मी आहे."

कोळशाचं तर विचारूच नका. दगडी कोळसा किलोवर कुणी देईना. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं वखारीचा पत्ता दिला. तिथला लाकडी कोळसा पोत्यानं आणला. रिक्षावाला म्हणाला, "हॉटेल काढताय का मॅडम?" कोयत्यासाठी पोलाद म्हणून जीपच्या कमानीचा पाटा घेतला. सगळे कोयते त्याचेच होतात.

आई दारात उभी राहून बघत होती. "तुझ्या वयाच्या मुली..." एवढंच म्हणून ती थांबायची. वाक्य पूर्ण केलं की मी भांडणार, हे तिला माहीत होतं.

पहिल्या दिवशी पाटा लाल झाला आणि मी हातोडा मारला, तेव्हा काय वाटलं ते सांगते, कारण पुढं सगळी कटकटच आहे. लोखंड हललं. दिसायला एवढं कठीण, आणि हातोड्याखाली ते भाकरीच्या पिठासारखं सरकलं. नारिंगी होतं तेव्हा तुम्ही म्हणाल तसं वागतं. मग लाल, मग काळपट लाल, आणि मग ते तुमचं ऐकणं बंद करतं. परत भट्टीत घाला, पंखा फिरवा, थांबा. माझ्या आयुष्यात मी इतकं कधी थांबले नव्हते. सभेत मला समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबता येत नाही. इथं रंग येईपर्यंत गप्प उभं राहावं लागायचं आणि ते मला आवडायला लागलं. सकाळी दहा ते बारा मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा विचारच करायची नाही. हातावर ठिणग्यांचे काळे ठिपके, नाकात धूर, खांदा दुखतोय, आणि तरी बरं वाटायचं.

पण कोयता होत नव्हता.

पहिलं पातं वाकवताना पिळलं गेलं. दुसरं जाळलं. मी फोन घ्यायला गेले आणि येऊन बघते तर टोकाच्या फुलबाज्या उडत होत्या. तिसरं छान झालं. तापवून पाण्यात बुडवलं आणि टिक्‌ असा बारीक आवाज आला. मधोमध केसाएवढी चीर.

घिसाडिणीला दाखवलं. ती म्हणाली, "पाटा पान्यात टिचतो. तेलात घालायचा. मी सांगितलं न्हाई व्हय?"

"नाही सांगितलं."

"तू इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः चालत आमच्या पार्किंगमध्ये आली, माझं ठोकणं बघायला. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "तू हातोडा मारती का त्याची माफी मागती?" मग पदर खोचून तिनं एकच घाव घातला आणि शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई दचकून आत गेली.

त्यावरून सोसायटीचे सेक्रेटरीकाका आले. निवृत्त माणूस, स्वभावानं वाईट नाही, पण दुपारची झोप हा त्यांचा मूलभूत हक्क आहे. त्यांनी मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं होतं. फोन ऐरणीपाशी धरून म्हणाले, "बघ, बघ, लाल झालं. पोरींनी काही उद्योग करायचा तर केक करतात, मेंदी काढतात. हे काय लोहारकाम?"

मी म्हणाले, "काका, मंडळाचे ढोल वाजतात तेव्हा हे ॲप कुठं असतं?"

"ते देवाचं आहे."

"आणि भिंती हादरवणारा डीजे?"

"तो पोरांचा आहे."

"मग हे बाईचं आहे, म्हणून मोजताय का?"

काका रागावून गेले. मी त्याच संध्याकाळी हातानं पत्रक लिहून नोटीस बोर्डावर लावलं. श्रम, आवाज आणि झोप कुणाची, असं बरंच काही. सकाळी ते खाली काढलेलं होतं आणि जागेवर पाणी सोडण्याच्या वेळा लावल्या होत्या. शेवटी आईनं मध्ये पडून ठरवलं: सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चारनंतर. गॅरेजमधलं जळकं तेल आणून मी त्यात पाट्याचा एक तुकडा बुडवून बघितला त्या दिवशी जो धूर निघाला, त्यानं चारनंतरचंही गेलं. दिवसाचे दोन तास उरले.

दसरा जवळ आला. मावशीचा फोन आला, "झाला का गं?" मी म्हणाले, "होतोय." तिनं मला एकदाही घाई कर म्हटलं नाही. मुकादमाला सांगून ठेवलंय एवढंच म्हणाली, की औंदा मी तोडनार, माझ्याजवळ कोयता यायलाय. मुकादम म्हणाला, "बघू. पहिल्या दिवशी बुडखं बघीन, मग ठरवीन."

म्हणजे आता सगळं माझ्या गळ्यात. पहिल्याच दिवशी बुडखे वर राहिले की ती फळीवर.

या वेळी मी नीट, पद्धतशीर करायचं ठरवलं. मावशीचा जुना कोयता माझ्याकडं होता. तो पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलनं आकार काढला. पुठ्ठा कापला. डावा करायचा म्हणून पुठ्ठा उलटा केला आणि खडूनं पाट्यावर आखला. त्याप्रमाणे पातं ठोकलं, वाक दिला. सुरेख आलं. मग धारेचा उतार काढायची वेळ आली. जुना कोयता समोर ठेवून बघितलं, उतार वरच्या अंगाला आहे. डावा करायचा म्हणजे उलट. म्हणून नव्याला खालच्या अंगाला काढला. तेलात घातला. टिचला नाही. कानस लावली, घासला, मूठ बसवली. अंगठ्याचं नख ओढून बघितलं तर धार नखाला धरत होती. मी त्याचे फोटो काढून संघटनेच्या ग्रुपवर टाकले. अभिनंदन, क्रांतिकारी, हातोड्यांची चित्रं, सगळं आलं.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मावशी आली. सकाळच्या एसटीनं आली, आईला भेटली, भाकरी खाल्ली. संध्याकाळच्या आत तिला परत जायचं होतं, कारण पहाटे ट्रक होता. मी कोयता कापडात गुंडाळून ठेवला होता, सत्काराला देतात तसा. तिनं कापड सोडलं, कोयता डाव्या हातात घेतला, फरशीवर उकिडवी बसली आणि पातं फरशीला टेकवलं.

टेकलं नाही. धारेखालून पलीकडचा उजेड दिसत होता.

मावशीनं कोयता उजव्या हातात घेतला आणि परत टेकवला. कागदासारखा बसला.

"हा तर तुझ्या काकाच्या हाताचा झाला," ती म्हणाली. काका म्हणजे तिचा नवरा, उजव्या हातानं तोडणारा.

मी म्हणाले असं होणारच नाही. पुठ्ठा आणला, जुना कोयता आणला, तिला समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगताच मला दिसलं. मी दोनदा उलटा केला होता. एकदा पुठ्ठा, एकदा धार. दोन्हीतलं एकच काहीतरी करायचं होतं. अडीच महिने, तीन फुकट गेलेली पाती, एक पोतं कोळसा, सगळ्या सोसायटीशी भांडण, आणि मी बाजारात मिळतो तोच कोयता बनवला होता. थोडा वाकडा.

मावशी हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली. मला रडू यायला लागलं ते रागानं.

"हसू नको!"

"हसू न्हाई तर काय करू? चांगला हाय की कोयता. काकाला दिऊ."

मी घिसाडिणीकडं स्कूटी पळवली. शेवटचे काही दिवस मी तिकडं फिरकलेच नव्हते. पाल उठलेलं होतं. चुलीची राख आणि ऐरणीचा खड्डा. ते पुढच्या बाजाराला गेले होते. 'उंद्या घिऊन जा' म्हणालेली बाई. परत येऊन ग्राइंडर लावायला गेले तर लाइट नाही. दुपारचे दीड वाजले होते.

मावशी म्हणाली, "भट्टी पेटव."

"आणि?"

"आन काय? धार हिकडनं ठोकून घाल आन तिकडनं काढ."

"कुठल्या अंगानं काढायची ते आता माझं मलाच कळत नाहीये!"

तिनं कोयता डाव्या हातात धरला, ऊस तोडताना धरते तसा. दुसऱ्या हातात खडू घेतला आणि पात्याच्या वरच्या अंगाला, धारेच्या कडेनं एक रेघ ओढली. "हितनं," म्हणाली.

एवढंच होतं. अडीच महिन्यांत मी पुठ्ठ्याला विचारलं, इंटरनेटला विचारलं, संघटनेतल्या इंजिनिअर मित्राला विचारलं. जिच्या हातासाठी हे चाललं होतं तिला एकदाही बोलावून म्हटलं नाही की मावशी, जरा हातात धरून दाखव. मी बायांच्या वतीनं इतकं बोलते की बाया समोर असल्या तरी त्यांच्या वतीनंच बोलते.

भट्टी पेटवली. मावशीनं पंखा हातात घेतला. दोन मिनिटांनी आई आतून आली, मावशीला म्हणाली, "सरक, तू घण घे. मी फिरवते." शाळेतून निवृत्त झालेली बाई, इस्त्रीची साडी, आणि कोळशाच्या ढिगाशेजारी बसून पंखा फिरवतेय. मावशीनं मोठा हातोडा घेतला. मी सांडशीत पातं धरलं आणि घिसाड्यासारखी टिचकी दिली, इथं. मावशीचा घाव तिथंच पडला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही जुना उतार ठोकून बसवला. पातं परत तापवलं. खडूची रेघ केव्हाच जळून गेली होती, म्हणून मावशी प्रत्येक खेपेला नुसता डावा हात हवेत धरून दाखवायची, असा, आणि मला अंग कळायचं.

दोन वाजता सेक्रेटरीकाका बनियनवर आले. "अहो बाई, ही काय वेळ आहे? ठरलंय ना आपलं?"

आई पंखा न थांबवता म्हणाली, "साडेचारची एसटी आहे काका. तोवर कुणाला झोप नाही. मलाही नाही."

काका मावशीच्या हातातल्या हातोड्याकडं बघत उभे राहिले. मग, "धूर तरी कमी करा," म्हणून गेले. आवाज मोजायचा फोन त्यांच्या हातात होता, पण त्यांनी तो वर केला नाही.

धूर कमी झाला नाही. तेलातून काढलं तेव्हा पातं टोकाला जरा पिळलेलं होतं. परत करायला वेळ नव्हता. मी कानस मारत होते आणि आई मावशीच्या मनगटावरच्या गाठीकडं बघत होती. म्हणाली, "लई मारायचे का गं मी?"

मावशी म्हणाली, "मारायची. पन दादांपेक्षा हळू."

साडेचारच्या एसटीत मावशी चढली ती पिशवीत दोन कोयते घेऊन, एक जुना आणि एक माझा. माझ्याकडं बघून म्हणाली, "फोटो टाकू नको आता लगीच."

महिन्याभरानं मी श्रीरामपूरच्या बाजूला गेले, त्यांची टोळी तिथं पडली होती. फोनवर मावशी नुसतं 'बरं हाय' म्हणायची आणि मला ते ऐकवत नव्हतं. फडात उतरले आणि मी आधी तिचं तोंड बघितलं नाही, तिची सरी बघितली. बुडखे जमिनीला बसलेले. काकाच्या सरीपेक्षा साफ. मी वाकून एका बुडख्यावरून तळहात फिरवला.

मग ट्रक दिसला, फळी दिसली, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवर मावशी.

ती खाली उतरायची मी वाट बघितली. "हे काय? मुकादम तर म्हणाला होता..."

"सकाळी तोडते. दुपारी वाहते." तिनं चुंबळ काढून तोंड पुसलं. "साफ तुटतंय म्हनून तोडायला घेतलं त्यानं. पन वाहायला माणूस कमी हाय म्हनला."

म्हणजे आधी एक काम होतं, आता दोन. कोयता सुधारला आणि काम वाढलं. मी तिथंच सुरू झाले. मुकादम ट्रकच्या सावलीला होता. मी त्याला कायदा सांगितला, नऊ मागण्या सांगितल्या, मनगटाची गाठ सांगितली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशी माणसं फार शांत असतात, त्याचाच संताप येतो. मग म्हणाला, "कोयता तुमी केला का?"

"हो."

"बरा केलाय. टोळीत अजून दोघी डावऱ्या हायेत. त्यांचं बी बुडखं वर ऱ्हात्यात. त्यास्नी बी द्या की दोन करून."

मी तोंड उघडलं. मी त्याला काय सुनावणार होते ते सगळं तयार होतं. पण मावशी माझ्यापुढं आली. हातात कोयता, आवाज अजिबात चढवलेला नाही.

"करून दिल ती," मावशी म्हणाली. "पन मी फळीवर चढनार न्हाई."

"दुपारचं तेवढं..."

"दुपारचं बी न्हाई. मी तोडीन दिवसभर. कोयतं पायजेत का न्हाई सांगा."

मुकादमानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, सरीकडं बघितलं. "बरं. या हप्त्याचं हू द्या, मग..."

"आजपास्नं."

तो उठला, पँट झटकली आणि ट्रककडं बघून ओरडला, की हिला तोडायला सोडा.

मला काय वाटायला हवं होतं? आनंद. इतकी वर्षं पत्रकं वाटून मी एका बाईला एका फळीवरून खाली आणू शकले नव्हते, ते तिनं उभ्या उभ्या दोन वाक्यांत केलं, माझेच दोन कोयते माझ्या परवानगीशिवाय देऊन टाकून. मी म्हणाले, "मला विचारायचं तरी."

"तू कुठं मला इचारलं हुतं?" मावशी म्हणाली आणि माझ्या हातात कानस दिली. "जरा धार काढ. टोकाला पीळ हाय तिथं अडतोय."

मी बांधावर बसून कानस मारायला लागले. टोकाला खरंच अडत होतं, माझीच चूक. समोर मोळ्या पडून होत्या आणि ट्रक भरायचा होता. मुकादमानं पाचट गोळा करणाऱ्या एका पोरीला हाक मारली. विशीतली असेल, नव्यानं लग्न झालेली, हातातला हिरवा चुडा अजून पूर्ण होता. तिनं मावशीनं खाली ठेवलेली चुंबळ उचलली, डोक्यावर ठेवली, भारा घेतला आणि फळीवर पाय दिला. चढताना तिनं एकदा आमच्याकडं बघितलं.

मावशी पाठमोरी होती. मी नव्हते.

"झालं का?" मावशीनं विचारलं.

"थांब," मी म्हणाले, आणि अंग बरोबर आहे ना, हे कोयता तिच्या डाव्या हातात देऊन एकदा बघून घेतलं.